कळवा सोडून बदलापूर? ४५ लाखांच्या फ्लॅटचा आणि सकाळच्या लोकलचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, तो लोअर परळला, ती ऐरोलीला. सध्या कळव्यात १४ हजार भाड्याने राहतात, दोघांचा मिळून ९२ हजार पगार हातात येतो, साठवलेले ११ लाख आहेत. बदलापूर पश्चिमेला एका संकुलात टू बीएचके ४५ लाखांना मिळतोय, बांधकाम चालू आहे, पझेशन दोन वर्षांनी. डोंबिवलीत जवळजवळ तेवढ्याच पैशांत जुना वन बीएचके आहे. बदलापूरचा बिल्डर म्हणतोय, रविवारपर्यंत ५१ हजार टोकन दिलं तर पार्किंग फुकट. घ्यावा का?

रविवारपर्यंत काहीही देऊ नका. ही ऑफर पुढच्या रविवारीही असते, दिवाळीतही असते आणि पाडव्याला तर सोबत सोन्याचं नाणंही असतं.

मी वकील आहे. गेली २१ वर्षं कल्याण ते बदलापूर पट्ट्यात घरांची कागदपत्रं तपासणं आणि करार करणं हेच माझं काम. फ्लॅट विकत नाही, त्यामुळे कुठला विकला गेला नि कुठला राहिला याचं मला सुखदुःख नाही. त्याआधी नऊ वर्षं बदलापूरहून फोर्टला जात होते, लेडीज डब्यात, तीस किलोमीटर उभी आणि उरलेले चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला अडकून. म्हणून कागदाआधी गाडीबद्दल बोलते. शिवाय तुमच्या प्रश्नात टाईल्स, मॉड्युलर किचन आणि स्विमिंग पूलबद्दल सहा ओळी आहेत आणि बायकोच्या ऐरोलीबद्दल दोन शब्द. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

बदलापूर ते दादर गाडीतच सव्वा तास धरा. दादरला पूल चढून वेस्टर्नला जायचं, लोअर परळला उतरायचं, चालायचं. किंवा स्लो पकडून थेट करी रोडला उतरून चालत पलीकडे. फास्ट तिथे थांबत नाही. घर ते स्टेशन, गाडीची वाट, चढउतार सगळं धरून दारापासून दारापर्यंत दोन तास दहा मिनिटं, आणि हे सगळं वेळेवर असताना. महिन्याचे २५ दिवस जाऊन-येऊन केलं तर १०८ तास होतात. तुमच्या बायकोचं गणित वेगळं आहे. तिला ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडायची, म्हणजे गाडीतला वेळ कमी, पण ठाण्याचा तो पूल आणि तो प्लॅटफॉर्म सकाळी नऊला पार करणं हाच एक प्रवास असतो. तिला पावणेदोन तास लागतील. आज कळव्यातून तिला ऐरोली जवळजवळ शेजारी आहे. या व्यवहारात तिचं नुकसान तुमच्यापेक्षा मोठं होणार आहे. हे दोघांनी समोरासमोर बसून आधी बोलून घ्या, कारण पझेशननंतर वर्षभराने नोकरी सोडण्याचा विषय निघतो तो जवळपास प्रत्येक घरात बाईच्याच नोकरीचा निघतो. माझ्या ऑफिसात फ्लॅट विकायला येणारी निम्मी जोडपी हीच गोष्ट सांगतात, फक्त कारणाच्या जागी ‘मुलांची शाळा’ म्हणतात.

मग डोंबिवली जवळ नाही का? किलोमीटरने आहे. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८, बदलापूर ६८. गाडीत वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. पण ती वाचलेली मिनिटं तुम्ही कशी काढता हे बघा. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीला फास्टमध्ये चढणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळव्यात राहून मी सांगायला नको. तुमच्याकडे लोक कारशेडमधून निघणारी गाडी गाठतात ते काही हौस म्हणून नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्या दारात उभं राहून रोज काढलेले पन्नास मिनिट आणि बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसून काढलेला सव्वा तास, यांत मला तरी दुसराच छोटा वाटतो. बदलापूर लोकल बदलापूरलाच रिकामी लागते, अंबरनाथ लोकल अंबरनाथला. कर्जतहून येणारी मात्र बदलापूरला भरूनच येते. म्हणून ‘स्टेशनवरून गाड्या किती’ यापेक्षा ‘इथूनच सुटणाऱ्या किती आणि त्यातली आपल्या वेळेची कुठली’ हे विचारा. आपल्या वेळेची एकच असेल तर ती चुकल्यावर काय, हेही. डोंबिवलीला गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. बदलापूरला गर्दीच्या वेळेतही पंधरा-वीस मिनिटं जातात, रात्री दहानंतर त्याहून जास्त. कल्याणच्या पुढे आजही दोनच रूळ आहेत आणि पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस त्याच रुळांवरून जातात. एक मेल उशिरा आली की लोकल स्टेशनबाहेरच्या सिग्नलला उभी. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, पण ती गाडी धावेल तेव्हा धरू. मेट्रोचंही तसंच. बिल्डरच्या नकाशावर मेट्रो १४ ची रंगीत रेघ घरासमोरून जाते. जे आज चालू आहे त्याचेच पैसे द्या. रेघेचे देऊ नका.

आता ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. हे अंतर रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून मोजलेलं असतं. तुम्ही मंगळवारी जा, सकाळी सातला, त्या इमारतीच्या गेटपासून स्वतः निघा आणि सात-चाळीसची गाडी पकडून दाखवा. संध्याकाळी साडेआठला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहा. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टात जा. बदलापूर पश्चिमेची नवी संकुलं स्टेशनपासून तीन-चार किलोमीटर आत सरकली आहेत, चालत जाणं होत नाही. समजा शेअर रिक्षाला माणशी २० रुपये पडतात. दोघं, जाऊन-येऊन, महिन्याचे २५ दिवस: दोन हजार रुपये. साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे हे दोन हजार म्हणजे सव्वादोन लाखांच्या जास्तीच्या कर्जाचा हप्ता. स्टेशनपासून चालत अंतरावरचं घर दोन लाखांनी महाग असेल तर ते महाग नाही, असा याचा अर्थ. शिवाय रिक्षाचं भाडं वाढत जातं, हप्ता बराचसा तिथेच राहतो. रिक्षा बंदच्या दिवशीचा आणि रात्री अकराला एकटीने उतरण्याचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

आणि पाणी. दोन्ही अर्थांनी.

पश्चिमेला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवते ती मुंबईची, पण त्या दिवशी उल्हासकाठानेही काय सोसलं ते इथल्यांना विचारा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, बोटी आणि हेलिकॉप्टर आणावी लागली. २०२१च्या जुलैतही पाणी आलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली ही नावं दर मोठ्या पावसात बातमीत असतात. नकाशावर दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या सर्व्हे नंबरचा या रेषांशी काय संबंध आहे ते नगरपरिषदेच्या नगररचना विभागात लेखी विचारा. आणि तोवर एक सोपी गोष्ट करा: शेजारच्या जुन्या बैठ्या घरांकडे जा, भिंतीवरचा ओलीचा पट्टा बघा आणि घरातल्या आजींना विचारा की पाणी कुठवर आलं होतं. त्या हात कमरेपाशी नेऊन दाखवतात की गळ्यापाशी, त्यावर निर्णय घ्या. ‘तुम्ही सातव्या मजल्यावर आहात, तुम्हाला काय’ असं सेल्सवाला म्हणेल. सातव्या मजल्यावरच्या माणसाची स्कूटर खाली असते, लिफ्टचं आणि पंपाचं यंत्रही बरेचदा खालीच असतं. २०१९ नंतर माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने चौथ्या मजल्यावर तीन दिवस बादलीने पाणी ओढलं होतं.

पिण्याचं पाणी अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. नवीन संकुलाला प्राधिकरणाची जोडणी मिळालीय की बोअरवेल आणि टँकरवर भागतंय, हे बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा. एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात तेही. टँकरचा खर्च मेंटेनन्समधून तुमच्याच खिशातून जातो, आणि ‘स्विमिंग पूल’ हा शब्द मग वेगळाच ऐकू येतो.

आता पैसे. ४५ लाखांच्या घराला ४५ लाख लागत नाहीत. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३६ लाख. नऊ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, सातने तीन लाख १५ हजार, नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी. इथे एक मेख आहे. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ६४५ चौरस फुटांपर्यंत, आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. नाहीतर ५ टक्के. ‘एकूण किंमत’ यात पार्किंग, फ्लोअर राईज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), डेव्हलपमेंट चार्जेस सगळं येतं. सेल्सवाला ४४ लाख ९० हजार सांगतो, १ टक्का म्हणतो, आणि मागच्या पानावर क्लबहाऊसचे दीड लाख वेगळे लिहिलेले असतात. ते धरले की मर्यादा ओलांडली आणि ४५ हजारांच्या जागी सव्वादोन लाखांच्या वर जीएसटी. वर सोसायटी स्थापनेचा खर्च, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, बँकेची फी, ग्रील, पंखे: दोनेक लाख. बेरीज साडेसोळा-सतरा लाखांवर जाते. तुमच्याकडे ११ आहेत. मधल्या साडेपाच-सहा लाखांचं काय, हे त्या रविवारी कुणी विचारत नाही. मग पर्सनल लोन निघतं किंवा बायकोचे दागिने जातात. ३६ लाखांचा हप्ता ३१ हजारांच्या पुढे, आणि पझेशनपर्यंत कळव्याचं १४ हजार भाडं चालूच. पझेशन लांबलं तर तेही लांबलं. माझं स्वतःचं पहिलं घर, २००६ सालचं, अठरा महिन्यांत मिळणार होतं, चार वर्षांनी मिळालं. मी वकील असून.

मुद्रांक शुल्कात एक सवलत मात्र घ्या. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी लागतो. नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की सवलत गेली. कर्जात तुम्ही सहकर्जदार राहू शकता, पण मालकीत नाव नसेल तर हप्त्यावरची आयकराची वजावट तुम्हाला मिळणार नाही. नवीन करप्रणालीत असाल तर राहत्या घरावर ती तशीही मिळत नाही.

कागदांबद्दल लिहायला लागले तर रात्र होईल, म्हणून जिथे लोक फसतात तेवढंच. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे म्हणजे सगळं झालं, हा समज सोडा. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या खोट्या परवानग्यांच्या जोरावर महारेराचे क्रमांक मिळाले होते. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. त्यांत राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करार होते, अनेकांकडे बँकेचं कर्जही होतं. त्यामुळे क्रमांक वेबसाइटवर बघाच, पण सोबत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन नगरपरिषदेत जा आणि जावक क्रमांक त्यांच्या नोंदीशी जुळवा. अर्धा दिवस जातो, वीस वर्षं वाचतात. ते प्रमाणपत्र कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही वाचा. परवानगी सातव्यापर्यंत आणि विक्री चौदाव्याची, हे मी आठवड्यातून एकदा तरी बघते. करार नोंदवायच्या आधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आणि किंमत विचारताना ‘सेलेबल’ फूट, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्र, कुणी बोललं तर ऐकून घ्या नि चटई क्षेत्राने भागा. ९०० फुटांचा टू बीएचके तेव्हा ५६०चा निघतो.

मी तुमच्या जागी असते तर नवीन बांधकाम घेतलंच नसतं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला) मिळालेली, आठ-बारा वर्षं जुनी, सोसायटी झालेली इमारत शोधली असती, बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. वन बीएचके. समजा ३४ लाखांना मिळाला. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, जुन्या घराला मूल्यांकन बघून थोडं कमी देईल. ३० लाख मिळाले तर हप्ता २६ हजार, पदरचे चार लाख, मुद्रांक-नोंदणी-दलाली-रंगरंगोटीचे साधारण चार. जीएसटी नाही. तीन लाख हातात उरतात आणि कळव्याचं भाडं दुसऱ्या महिन्यात बंद होतं. स्विमिंग पूल नाही, मुलांना खेळायला जिमखाना नाही, लिफ्ट कुरकुरते. चालेल. अशा घरात बघायच्या गोष्टी म्हणजे पहिल्या मालकापासूनची करारांची अख्खी साखळी, भोगवटा प्रमाणपत्राची खरी प्रत, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला. ट्रान्सफरसाठी सोसायटी सरकारने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रीमियम मागू शकत नाही; महापालिका हद्दीत ती २५ हजार आहे, नगरपरिषद हद्दीत त्याहून कमी. ‘विकास निधी’ म्हणून लाखभर मागितले तर नियम दाखवा. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का तेही विचारा. बहुतेक ठिकाणी झालेलं नसतं, तेवढ्यावरून सौदा सोडू नका, पण सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून करून घेण्याचा) अर्ज तरी केलाय का, यावरून कमिटी जागी आहे की झोपलेली ते कळतं.

डोंबिवलीच्या वन बीएचकेचे कागद तुम्ही पाठवलेले नाहीत. ती इमारत महापालिका हद्दीत नंतर आलेल्या गावांपैकी एखाद्या गावात असेल तर मला आधी दाखवा, मग पुढे बोलू. ऐरोलीजवळ म्हणून कुणी दिघ्याचं स्वस्त घर दाखवलं तर तिथल्या बेकायदा इमारती पाडायला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं होतं ते आठवा. विरार तुमच्या लोअर परळच्या वेस्टर्न लाइनवर आहे, पण तिच्या ऐरोलीच्या वाटेवर नाही. म्हाडाची कल्याण-डोंबिवलीजवळच्या खोणी-शिरढोणची घरं कागदाला स्वच्छ आहेत, पण स्टेशन लांब आहे, रिक्षाचा हिशेब वर दिला आहेच.

आणि घाई नसेल तर याहून बरं एक सांगते. कळव्याचा करार संपतोच आहे. मेअखेर बदलापूर पूर्वेला ११ महिन्यांसाठी घर भाड्याने घ्या, नोंदणीकृत करार करून. एक अख्खा पावसाळा दोघं तिथून नोकरीला जा. ती ऐरोलीहून परत येऊन काय म्हणते ते ऐका. सात-चाळीसच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसणाऱ्या बायकांना पूर्वेची प्रत्येक इमारत ठाऊक असते: कुठे टँकर येतो, कुठल्या सेक्रेटरीचं कुणाशी पटत नाही, कुणाला विकून गावी जायचंय. दलाल दाखवायच्या आधी अशा घरांची बातमी त्या डब्यात लागते. माझं दुसरं घर मला तिथेच मिळालं, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीच्या मध्ये.